प्रत टिकविणे आणि पाठ टिकविणे : दीर्घकालीन जतनासाठी साठवण-माध्यमाची निवड

मराठीच्या अभ्यासकाला साधनांच्या जतनाचा प्रश्न नवा नाही. पोथ्यांची बाडे, दप्तरखान्यांतील रुमाल, नियतकालिकांच्या जुन्या फायली यांच्या आधारावरच आपल्या वाङ्मयेतिहासाची इमारत उभी आहे. तथापि गेल्या तीस वर्षांत या साधनांचे स्वरूप पालटले आहे. मुलाखती, ओव्या, लोकनाट्याचे प्रयोग, बोलींचे नमुने, पोथ्यांची छायाचित्रे आणि खुद्द संशोधनप्रबंधही आता यंत्राने लिहिल्या व वाचल्या जाणाऱ्या माध्यमांत साठविले जातात. ही सामग्री पन्नास किंवा शंभर वर्षे राहावयाची असेल तर ती कशावर ठेवावी, या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विचाराला निमित्त झाले ते एका अनुभवाचे, आणि त्यात दोष प्रस्तुत लेखिकेचाच आहे. पीएच. डी.च्या कामासाठी २००६ साली काही खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या कॅसेटींवर ध्वनिमुद्रित केल्या. पुढल्या वर्षी त्या अकरा सीडींवर उतरवून घेतल्या. सीडी टिकाऊ, असा त्या वेळचा सर्वसाधारण समज होता. त्या समजावर विसंबून मूळ कॅसेटी पुन्हा वापरात आणल्या गेल्या. सीडी कपाटात नीट ठेवल्या होत्या. २०२१ मध्ये विद्यार्थ्यांना ऐकविण्यासाठी त्या बाहेर काढल्या, तेव्हा अकरापैकी चार कोणत्याही यंत्रावर वाचता आल्या नाहीत. प्रबंधाची संगणकीय प्रत उघडली, परंतु पडद्यावर देवनागरीऐवजी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची खिचडी दिसली; ज्या टंकात प्रबंध जुळविला होता तो टंक त्या संगणकावर नव्हता. प्रबंधाच्या छापील प्रतीतील परिशिष्ट मात्र जसेच्या तसे होते. त्यामुळे ओव्यांचे शब्द राहिले, पण चाल गेली. त्या चार सीडींवर गाणाऱ्या बायांपैकी वयाने सर्वांत थोर असलेल्या बाई तोपर्यंत निवर्तल्या होत्या. पुन्हा जाऊन त्यांचे गाणे मुद्रित करावे, ही वाटही बंद झाली होती.

१. टिकण्याचे तीन अर्थ

वरील घटनेत एकाच प्रकारचे नुकसान झालेले नाही. सीडींच्या बाबतीत वस्तूच बिघडली. प्रबंधाच्या बाबतीत वस्तू शाबूत होती, संगणकाने ती उघडलीही, परंतु अक्षरांचा संकेत हरवला होता. तिसरा प्रकारही संभवतो : वस्तू धड असते, संकेतही ठाऊक असतो, पण ती वाचणारे यंत्रच उपलब्ध नसते. साडेतीन इंची फ्लॉपीचे उत्पादन सोनीने २०११ मध्ये थांबविले. ज्यांच्या संग्रही आजही अशा फ्लॉपी आहेत त्यांनी हा प्रकार अनुभवला असेल. तेव्हा एखादे माध्यम 'टिकते' असे म्हणताना वस्तू, वाचनयंत्र आणि संकेत या तिन्हींच्या आयुष्याचा स्वतंत्र विचार करावयास हवा. तिहींपैकी जे प्रथम संपेल तेच त्या सामग्रीचे आयुष्य होय.

संकेत हरविण्याचे उदाहरण मराठीच्या इतिहासात ठळकपणे आढळते. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. पोथ्या मठांतून शतकानुशतके सुरक्षित राहिल्या. मात्र संकेताची किल्ली पंथाबाहेर कोणाला ठाऊक नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी ती लिपी उलगडल्यावरच हे वाङ्मय सर्वसामान्य अभ्यासकाच्या कक्षेत आले. वस्तू उत्तम टिकली असूनही मराठी वाङ्मयाचे एक मोठे दालन दीर्घकाळ बंद राहिले, हे येथे ध्यानात घ्यावे. त्या पोथ्यांतील संकेत हेतुपूर्वक राखलेला होता. संगणकातील संकेत आपण नकळत निर्माण करतो, आणि म्हणून त्याची किल्ली जपून ठेवण्याचे आपल्याला सुचत नाही.

२. जुन्या माध्यमांकडून मिळणारा बोध

सर्वाधिक टिकाऊ माध्यम दगड, असे सामान्यतः मानले जाते. अक्षीचा शके ९३४ चा शिलालेख त्याची साक्ष देतो. परंतु शिळेवर मोजक्याच ओळी मावतात आणि ती एकाच जागी राहते. वाङ्मयाच्या जतनाचे काम दगडाने केलेले नाही. ते कागदाने केले, आणि तेही एका प्रतीच्या दीर्घायुष्याने केलेले नाही. ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ ची, म्हणजे इ. स. १२९० ची. तिची ज्ञानदेवकालीन प्रत आज उपलब्ध नाही. असे असूनही ग्रंथ आपल्यापर्यंत आला, कारण तो पुनःपुन्हा लिहून घेतला गेला.

या प्रतपरंपरेची दुसरी बाजूही आपल्याला परिचित आहे. नकलागणिक पाठ बदलत गेला, त्यात भर पडली, अपपाठ शिरले. म्हणूनच शके १५०६ मध्ये एकनाथांना ज्ञानेश्वरीच्या शुद्धीकरणाचे कार्य हाती घ्यावे लागले. लीळाचरित्राचे उदाहरण आणखी बोलके आहे. महानुभाव परंपरेनुसार म्हाइंभटांनी सिद्ध केलेली मूळ प्रत मुसलमानी स्वारीच्या धामधुमीत नाहीशी झाली, आणि पुढे हिराइसेसारख्या शिष्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. आज त्याचे जे भिन्न पाठ आढळतात त्यांचे मूळ या घटनेत आहे. एकच प्रत एकाच ठिकाणी ठेवणे आणि नक्कल करताना पाठ बदलणे, या दोन धोक्यांची जाणीव पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला निराळी करून द्यावयास नको. नव्या माध्यमांच्या बाबतीतही धोके हेच आहेत. फरक एवढाच की दुसऱ्या धोक्यावर आता खात्रीचा उपाय आहे. त्याचा विचार पुढे येईल.

कागदाविषयीही एक गैरसमज दूर करावयास हवा. जुना तो जीर्ण आणि नवा तो टिकाऊ, असे समीकरण येथे चालत नाही. जुन्नर, दौलताबाद येथे हातांनी तयार होणाऱ्या कागदावर काजळाच्या शाईने लिहिलेल्या पोथ्या कित्येक शतकांनंतरही सुवाच्य आहेत. उलट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्यापासून तयार होऊ लागलेल्या आणि तुरटीची प्रक्रिया केलेल्या कागदात आम्ल राहते. ते कागदाचे तंतू आतून तोडत जाते. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचे वृत्तपत्र घडी उलगडताच तुकडे होऊन हातात येते, आणि तीनशे वर्षांपूर्वीची पोथी मात्र पान उलटू देते. माध्यमाचे आयुष्य त्याच्या वयावरून ठरत नाही. ते घडणीवरून आणि साठवणीवरून ठरते.

३. आजची माध्यमे

या पार्श्वभूमीवर सध्या उपलब्ध असलेल्या माध्यमांचा क्रमाने परामर्श घेऊ.

*सूक्ष्मपट.* पॉलिएस्टरच्या पट्टीवर चांदीच्या संयुगाचा थर देऊन केलेला सूक्ष्मपट योग्य तापमानात व आर्द्रतेत ठेवल्यास सुमारे पाचशे वर्षे टिकेल, असे तज्ज्ञ मानतात. त्याचा मोठा गुण असा की तो वाचावयास प्रकाश आणि भिंग पुरते. संकेत उलगडावा लागत नाही. मात्र ध्वनीसाठी त्याचा उपयोग नाही, आणि जुन्या ॲसिटेट पट्टीवरील पट आम्ल सुटून आकसतात. अशा पटांच्या डब्यातून व्हिनेगरसारखा वास येऊ लागला की नक्कल करण्यास विलंब लावू नये.

*सीडी व डीव्हीडी.* बाजारात मिळणारी गाण्याची सीडी आणि आपण घरी लिहितो ती सीडी यांत मूलतः फरक आहे. पहिलीत मजकूर साच्याने दाबून उमटविलेला असतो. दुसरीत सेंद्रिय रंगाचा एक पातळ थर असतो आणि लेसरच्या उष्णतेने त्यावर खुणा केल्या जातात. प्रकाश, उष्णता आणि दमटपणा यांनी हा रंग उतरतो. खुणा आणि कोरी जागा यांतील भेद पुसट झाला की यंत्राला वाचता येत नाही. कोकणातल्या किंवा मुंबईच्या हवेत ही प्रक्रिया अधिक वेगाने होते. सेंद्रिय रंगाऐवजी असेंद्रिय थर असलेल्या तबकड्याही मिळतात. त्या पुष्कळच टिकाऊ आहेत आणि त्यांचे उत्पादक शेकडो वर्षांचा दावा करतात. परंतु त्या वाचणारी यंत्रे नव्या संगणकांतून नाहीशी होत चालली आहेत. सोनीने लिहिता येण्याजोग्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन २०२५ च्या फेब्रुवारीत थांबविले. वस्तूचे आयुष्य यंत्राच्या आयुष्याहून किती लांब असू शकते, हे यावरून दिसते.

*हार्ड डिस्क.* फिरत्या चुंबकीय चकत्यांवर मजकूर साठविणारे हे यंत्र स्वस्त, सुटसुटीत आणि मोठ्या क्षमतेचे आहे. मात्र त्यात हलते भाग आहेत. ती सतत चालविली तरी झिजते आणि वर्षानुवर्षे बंद ठेवली तरी सुरू होण्यास नकार देऊ शकते. पाच वर्षांच्या पुढे तिच्यावर विसंबू नये, हा व्यवहारातला सावध हिशेब आहे.

*पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि एसएसडी.* यांत मजकूर विद्युत्भाराच्या रूपाने सूक्ष्म कोशांत कोंडलेला असतो. हा भार हळूहळू झिरपतो. घरगुती वापराच्या एसएसडीची लेखनक्षमता संपत आली असता तिने विजेविना, ३० अंश सेल्सिअस तापमानात, एक वर्ष मजकूर राखावा, एवढीच अपेक्षा या उद्योगाच्या मानकात आहे. नव्या उपकरणात तो अधिक काळ राहतो हे खरे. तथापि कपाटात ठेवून विसरून जाण्यासाठी हे माध्यम नाही. विद्यार्थी आपली क्षेत्रीय ध्वनिमुद्रणे बहुधा मेमरी कार्डावर किंवा मोबाइलमध्ये ठेवून देतात. त्यांना हे आवर्जून सांगावयास हवे.

*चुंबकीय फीत.* जुन्या ध्वनिफितींचा चिकट थर दमट हवेत पाणी शोषतो आणि फीत यंत्रात चिकटू लागते. शिवाय बुरशीचे भय असते. ज्यांच्यापाशी कॅसेटी आहेत त्यांनी त्या आता उतरवून घ्याव्यात. संगणकीय मजकुरासाठीची एलटीओ फीत हा निराळा प्रकार. तिची पहिली पिढी २००० साली आली तेव्हा एका फितीत १०० जीबी मजकूर मावे. २०२१ मधील नवव्या पिढीच्या फितीची क्षमता १८ टीबी आहे. या फितीचे आयुष्य तीस वर्षे सांगितले जाते. परंतु नववी पिढी वाचणारे यंत्र केवळ आठव्या पिढीपर्यंतच्याच फिती वाचू शकते. तेव्हा तीस वर्षे टिकणारी फीतही दर काही वर्षांनी नव्या पिढीवर उतरविणे भाग पडते. मोठ्या ग्रंथालयाला किंवा चित्रपट-संग्रहालयाला हे माध्यम योग्य आहे. महाविद्यालयाच्या एका विभागाला यंत्राची किंमत पेलणारी नाही.

*दूरस्थ साठवण.* क्लाऊड म्हणून ओळखली जाणारी सेवा म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातील हार्ड डिस्क आणि फिती. तेथे यंत्रांची देखभाल तज्ज्ञ करतात, हा लाभ आहे. मात्र खाते एखाद्या प्राध्यापकाच्या नावे असते, तो निवृत्त होतो, वर्गणी थकते, परवलीचा शब्द कोणाला ठाऊक नसतो. यंत्र बिघडण्यापेक्षा या मार्गाने सामग्री नष्ट होण्याचा संभव अधिक.

या आढाव्यातून निष्पन्न होते ते असे की लिहून ठेवावे आणि पन्नास वर्षांनी उघडावे, असे यंत्रवाच्य माध्यम आपल्या आवाक्यात नाही. इंग्लंडमध्ये १०८६ सालच्या डूम्सडे बुकाच्या नवशताब्दीनिमित्त १९८६ मध्ये लेसर तबकड्यांवर देशाचा एक प्रचंड माहितीसंग्रह तयार करण्यात आला. पंधरा-सोळा वर्षांतच तो वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि सामग्री सोडविण्यासाठी विशेष प्रयत्न करावे लागले. नऊशे वर्षांपूर्वीचे मूळ पुस्तक मात्र आजही वाचता येते.

४. संकेताची निवड

माध्यमाइतकाच, किंबहुना अधिक, महत्त्वाचा प्रश्न संकेताचा आहे. १९९० च्या दशकात व त्यापुढेही मराठी मजकूर ज्या टंकांत जुळविला गेला त्यांतील बहुतेकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृती बसविलेल्या होत्या. प्रत्येक टंकाची मांडणी निराळी. टंक गेला की मजकूर गेला. युनिकोड संकेतात अक्षराची ओळख टंकावर अवलंबून नसते. देवनागरीला त्यात १९९१ पासून स्थान आहे आणि मोडीला २०१४ पासून. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणण्याची साधने उपलब्ध आहेत; पण त्यांचे काम डोळ्यांखालून घालावे लागते. 'आचाऱ्यांना' या शब्दातील अर्धा र रूपांतरात बदलला की 'आचार्यांना' होते आणि स्वयंपाक्यांचे गुरुजन बनतात. बोलीच्या नमुन्यांत असा प्रमाद झाला तर पुढला अभ्यासक त्यालाच बोलीचे वैशिष्ट्य समजून बसेल.

संकेत निवडताना कसोटी एकच : तो जाहीर आहे काय, आणि कोणा एका कंपनीच्या मर्जीवाचून वाचता येतो काय. या कसोटीने मजकुरासाठी युनिकोडमधील साधी मजकूर-फाइल व पीडीएफ/ए, चित्रांसाठी टिफ आणि ध्वनीसाठी वेव्ह हे संकेत ग्राह्य ठरतात. एमपी३ सारख्या प्रकारात फाइल लहान करण्यासाठी ध्वनीचा काही अंश कायमचा गाळलेला असतो. ऐकविण्यासाठी तो चालेल. मूळ म्हणून ठेवू नये.

५. नक्कल, ताळा आणि जागा

आता दुसऱ्या धोक्यावरील उपायाकडे येऊ. संगणकीय नकलेत लेखनिकाचा डोळा चुकत नाही. पण माध्यमातील बिघाडाने एखादा अंश बदलू शकतो. तो ओळखण्यासाठी फाइलमधील सर्व अंकांवर गणिती क्रिया करून एक लहानशी संख्या काढतात. तिला चेकसम म्हणतात. शाळेत गुणाकाराचा ताळा पाहतात तसाच हा ताळा. मूळ फाइलचा ताळा नोंदवून ठेवावा, नकलेचा काढावा. दोन्ही जुळले तर नक्कल मुळाशी तंतोतंत आहे. एक अक्षर बदलले तरी ताळा जुळत नाही. हे साधन विनामूल्य मिळते. जी खात्री पाठचिकित्सेला अनेक प्रतींच्या तुलनेनंतरही मिळत नाही, ती येथे काही मिनिटांत मिळते.

ताळ्याने चूक कळते, दुरुस्त होत नाही. दुरुस्तीसाठी दुसरी निर्दोष प्रत हवी. म्हणून तीन प्रती, निदान दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी एक वेगळ्या ठिकाणी, असा संकेत सर्वत्र मान्य झाला आहे. जागेचा मुद्दा आपल्याकडे गौण समजला जातो. पुण्यात २००३ च्या जानेवारीत नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीत जुन्या भारतीय चित्रपटांचा अमोल ठेवा भस्मसात झाला. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला आणि तेथील ग्रंथ-हस्तलिखितांची नासधूस झाली. सांगली-कोल्हापूरकडचे पूर तर आवर्तनानेच येतात. या संकटांपुढे कोणत्याही माध्यमाचे गुण कामी येत नाहीत. अन्यत्र ठेवलेली प्रत तेवढी येते.

६. एका विभागापुरती योजना

महाविद्यालयाच्या एका मराठी विभागापाशी शंभर तासांचे ध्वनिमुद्रण आणि दहा पोथ्या आहेत, असे समजू. ध्वनिसंग्रहांत प्रचलित असलेल्या ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट या प्रमाणाने दोन वाहिन्यांच्या एका तासास सुमारे २ जीबी लागतात. म्हणजे शंभर तासांस २०० जीबी. तीनशे पत्रांच्या पोथीची सहाशे पृष्ठे. ए-४ आकाराएवढे पृष्ठ ४०० डीपीआयने रंगीत टिपल्यास ४६ एमबी होते. म्हणजे पोथीस सुमारे २८ जीबी आणि दहा पोथ्यांस २८०. सर्व मिळून ५०० जीबीच्या आतच काम होते.

यासाठी भिन्न कंपन्यांच्या दोन हार्ड डिस्क घ्याव्यात. एक विभागात राहावी, दुसरी शक्यतो दुसऱ्या गावातील सहयोगी संस्थेत. तिसरी प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात, किंवा संस्थेच्या नावे असलेल्या खात्यात ठेवावी. अत्यंत मोलाचा भाग असेंद्रिय थराच्या तबकड्यांवर लिहावा. ओव्यांचे लिखित पाठ, गाणाऱ्यांची नावे त्यांच्या संमतीनुसार, गाव, तारीख आणि फाइलींची सूची हे सारे आम्लविरहित कागदावर छापून बांधून घ्यावे. सूचीवाचून ध्वनिमुद्रण म्हणजे निनावी पोथी. दरवर्षी एका ठरलेल्या दिवशी, २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनी म्हटले तरी चालेल, प्रत्येक फाइलचा ताळा पाहावा आणि दर पाच वर्षांनी डिस्क बदलावी. हे काम कोणाचे, ते विभागाच्या कार्यवृत्तात नोंदवावे; व्यक्ती बदलली तरी काम चालू राहील.

प्रबंधांच्या बाबतीत २००९ च्या नियमांनी विद्यापीठांना इलेक्ट्रॉनिक प्रत शोधगंगेत देण्याचे बंधन घातले आहे. त्यामुळे प्रबंधाचा पाठ बहुधा राहील. परंतु ज्या ध्वनिमुद्रणांवर आणि टिपणांवर तो उभा असतो ती अजूनही संशोधकाच्या कपाटातच असतात.

सारांश, कोणते माध्यम सर्वाधिक टिकते, हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या माध्यमावरून वेळीच आणि बिनचूक नक्कल करता येईल, आणि ती कोण करील, असे विचारावयास हवे. आपल्या पूर्वसूरींनी पोथी जीर्ण होण्याआधी ती लिहून काढली, म्हणून आपल्याला वाङ्मय मिळाले. प्रस्तुत लेखिकेच्या सात सीडी २०२१ मध्ये वाचता आल्या. त्याच आठवड्यात त्या तीन ठिकाणी उतरवून घेतल्या आणि त्यांचा ताळा दरवर्षी पाहिला जातो. उरलेल्या चारांवरील ओव्या छापील परिशिष्टात वाचावयास मिळतात.